फौजदाराला आत कोण घेणार?

हातात कापड नसलेला माणूस शिवणखोलीत आला, की तो एकतर पत्ता विचारायला आलेला असतो, नाहीतर भांडायला. म्हणून त्या दुपारी दारात सावली पडली आणि सावलीच्या हातात काहीच दिसलं नाही, तेव्हा ताई मान वर न करताच म्हणाली, "जिना उतरा, उजवीकडे वळा. दवाखाना समोरच आहे."

"दवाखाना नको," सावली म्हणाली. "तुमच्याकडेच आलोय."

ताईची कात्री चादरीच्या मध्यावर थांबली. केस पिकतात, पोट सुटतं, अंगावरचा गणवेश जातो. पण आवाजाला म्हातारपण उशिरा येतं. ह्याच आवाजाने ह्याच खोलीत विचारलं होतं, "ह्यातला गाणी रचणारा कोण?" आणि ताईचा दादा मशीनवरून उठून म्हणाला होता, "मी."

फौजदार. त्याची नोकरी सुटून बराच काळ लोटला होता, तरी गल्लीत त्याला दुसरं नाव मिळालं नव्हतं.

मागच्या मशीनवर दादाची बायको बसली होती. साऱ्या खोलीची ती वहिनीच होती. तिने पायपट्टीवरून पाय काढून घेतले. चाक आपल्याच ओढीने थोडं फिरलं आणि गप्प झालं.

"मी बाप्तिस्मा घेतलाय," फौजदार म्हणाला. आनंदाची बातमी सांगतात तसं नाही; घरात कुणी गेल्याचं सांगतात तसं, खाली बघून. "दुसऱ्या गावी. आता इकडेच राहायला आलोय. तुमच्या मंडळीत मला बसू द्याल का, एवढं विचारायचं होतं."

"कसली मंडळी?" ताई म्हणाली. "इथे चादरी शिवतात. दवाखान्याच्या."

"बरोबर. तुम्ही असंच म्हणायला हवं." तो क्षणभर घुटमळला. "खालच्या लाकडाच्या वखारीत मी राखणीला असतो. निरोप आला तर येईन. नाही आला तर समजेन."

तो जिना उतरून गेला. शेवटच्या पायरीचा करकराट विरला.

"समजेन म्हणे!" वहिनी एकदम उसळली. "केवढा समजूतदार झालाय! वन्सं, सांगून ठेवते, त्याला तुम्ही ह्या खोलीत घेतलंत, तर मी ही मशीन डोक्यावर घेऊन रस्त्यावर जाऊन बसेन."

"लोखंडी आहे ती, वहिनी. मान मोडेल."

"मोडू दे. एकदा काय ते मोडून जाऊ दे."

ताई हसली नाही. अर्धवट कापलेली चादर तिने घडी घालून बाजूला ठेवली.

प्रभू येशूच्या नावाने चार माणसं एकत्र जमणं तेव्हा गुन्हा होता आणि अजूनही होता. फक्त नवे अंमलदार आळशी होते. जुन्या काळात मंडळीने एक युक्ती काढली होती. सुट्टीच्या दुपारी सगळे ह्या माडीवरच्या शिवणखोलीत यायचे, साऱ्या मशीन एकदम सुरू व्हायच्या, आणि त्या घरघरीच्या पोटात गाणी म्हटली जायची. गल्लीला वाटायचं, काय कष्टाळू बायका ह्या, सुट्टीचीही उसंत नाही. गाणी दादा रचायचा, तीही पायपट्टीच्या तालावर बसतील अशी. पाय खाली-वर, शब्द खाली-वर:

उसवलं माझं मन, प्रभू घे ना शिवायाला
तुझ्याविण कोण आहे, फाटलेलं जोडायाला

आणि एक दिवस छापा पडला. फौजदाराने नेलं ते एकट्या दादाला. वर्ष उलटून गेल्यावर दादा परत आला, तो छातीत खोकला घेऊन. त्याच खोकल्याने त्याला नेलं. इतकं सरळ आहे हे सगळं. सांगायला वेळ लागत नाही. सोसायला लागतो.

ह्या मंडळीचा एक रिवाज होता. नवा माणूस एकटा आत येत नसे. आतल्या कुणीतरी जिन्याच्या तोंडाशी जायचं, त्याचा हात धरायचा, त्याला खोलीत आणायचं आणि सगळ्यांदेखत म्हणायचं, "हा माझा." बाई असेल तर, "ही माझी." दोनच शब्द, पण पुढे त्या माणसाने दगा दिला, तर त्याला आणणाऱ्यानेही मंडळी सोडायची. मला काय ठाऊक, म्हणायची सोय नव्हती. लग्नाला होकार देताना केला नसेल इतका विचार लोक हात धरताना करायचे.

मंडळीची प्रार्थना चालवणारे घड्याळवाले आजोबा. सगळ्यांची घड्याळं दुरुस्त करायचे आणि स्वतः कुठेच वेळेवर पोचायचे नाहीत. दुसऱ्या दिवशी नणंद-भावजय त्यांच्या टपरीवजा दुकानात जाऊन बसल्या. आजोबांनी डोळ्याचं भिंग न काढताच सगळं ऐकून घेतलं.

"शास्त्रात असा एक होता," ते सावकाश म्हणाले. "प्रभूच्या माणसांना छळायला निघाला आणि वाटेतच प्रभूचा..."

"त्याला देवाने आधी आंधळं केलं होतं, आजोबा," वहिनीने मध्येच तोडलं. "ह्याचे डोळे टकाटक आहेत. जिना चढताना कठड्यालासुद्धा हात लावत नाही."

आजोबांना हसू आवरेना. मग त्यांनी भिंग काढलं, आणि त्यांचा तो डोळा दुसऱ्यापेक्षा थकलेला दिसला.

"हे बघ ताई, त्याचा हात दुसरं कुणी धरणार नाही. आणि धरूही नये. माणूस तुमच्या घरातलं गेलं. बाकीच्यांनी त्याला आत घेणं म्हणजे तुमच्या ताटातलं उचलून परस्पर वाढणं झालं. तुम्हा दोघींपैकी कुणी म्हणाली, हा माझा, तर मंडळी सरकून जागा देईल. नाही म्हणालात तर विषय संपला. तुम्हाला कुणी बोल लावणार नाही."

"म्हणजे ओझं माझ्याच डोक्यावर."

"दुसरीकडे ठेवायला जागा नाही, पोरी."

वहिनीचं म्हणणं वेगळं होतं. तिचं म्हणणं, आधी पारखून बघा. त्याला खोटी बैठक सांगा. मंडळीतलं कुणीही येऊ नये. आपण दोघी मशीनवर बसू. तो शिपाई घेऊन आला तर त्यांना दोन बायका चादरी शिवताना दिसतील, आणि आपल्याला त्याच्या पोटातलं दिसेल.

ताईला हे पटलं. न पटण्यासारखं काय होतं?

निरोप गेला. ठरल्या दुपारी दोघी मशीनवर बसल्या. वहिनी दर थोड्या वेळाने उठून खिडकीच्या गजांतून गल्लीत डोकवायची. कोपऱ्यावरचा चांभार, पाण्याचे डबे नेणारी बाई, एक मांजर. मग फौजदार. एकटा. त्याच्या मागे कुणी नाही, पुढे कुणी नाही.

तो जिना चढून वर आला आणि सगळ्यात वरच्या पायरीवर थांबला.

"हात धरल्याशिवाय आत यायचं नसतं ना," तो म्हणाला. "मी इथेच बसतो." आणि खरोखरच तो पायरीवर बसला, गुडघे पोटाशी घेऊन, पोराटोरासारखा. रिवाज त्याला माहीत होता, ह्याने ताईच्या अंगावर काटा आला.

त्याने रिकामी स्टुलं पाहिली. "कुणी येणार नाही ना?"

"नाही," ताई म्हणाली. खोटं बोलण्यात आता अर्थ नव्हता.

"बरं केलंत. पण ह्यातून तुम्हाला काही कळायचं नाही."

"म्हणजे?"

"मी फितुरी करायला आलो असतो, तर आज कुणालाच बरोबर आणलं नसतं. पहिली बैठक गुपचूप जाऊ दिली असती. दुसरीही. तुम्ही मला पाणी विचारायला लागलात, घरातली दुखणीखुपणी सांगायला लागलात, की मग." तो जुन्या कामाची पद्धत सांगावी तितक्या सरळपणे सांगत होता. "आम्ही असंच करायचो."

"वा रे वा!" वहिनीने हातातला कपडा मशीनवर आपटला. "म्हणजे तू वाईट वागलास तरी वाईट, आणि चांगला वागलास तरी वाईटच!"

"हो. माझ्याजवळ दाखवण्यासारखं काही नाही, वहिनी."

"मला वहिनी म्हणू नकोस. तुझ्या भावाची बायको नाही मी."

"चुकलो."

ताईला त्याचा राग यायला हवा होता. पण वहिनीच्या हाती तलवार होती आणि समोरच्या माणसाच्या हाती ढालच नव्हती, आणि असं भांडण बघायलाही अवघड जातं.

"त्या गावच्या मंडळीने घेतलं होतं ना तुम्हाला?" ताईने विचारलं. "मग इथे कशाला आलात?"

त्याने आपले तळवे उलटून पाहिले.

"तिथे मला कुणी ओळखत नव्हतं. माणसं फार चांगली. त्यांनी मला भाऊ म्हटलं. पण ते ज्याला भाऊ म्हणत होते, तो कुणी वेगळाच होता. मी त्यांना सांगितलं, एका माणसाला मी थंड खोलीत ठेवलं होतं, तिची किल्ली माझ्याजवळ असायची, फरशी ओली ठेवायचा हुकूम माझा होता. तर म्हणाले, प्रभूने माफ केलं, आता विसरा. इतक्या चटकन म्हणाले, की मला वाटलं ह्यांना नीट ऐकू आलेलं नाही." त्याने मान वर केली. "इथे ऐकू येईल, म्हणून आलो."

वहिनीने तोंड खिडकीकडे फिरवलं. तिच्या पाठीचा कणा ताईला दिसत होता. पाटी उभी केल्यासारखा ताठ.

"आणि प्रभू?" ताई म्हणाली. "तो कसा भेटला तुम्हाला?"

"तुमच्या गाण्यांतून. ती मी पुरावा म्हणून पाठ केली होती. कागद हरवतो, पाठ केलेलं हरवत नाही. कचेरीत घडाघडा म्हणून दाखवली. साहेब खूश झाले. मग नोकरी सुटली, घर सुटलं, पण त्या ओळी सुटेनात. दाढी करताना, भाकरी... काहीही करताना आपल्या त्या चाललेल्याच. शेवटी म्हटलं, हे सारखं कुणाला हाक मारतंय ते एकदा बघू तरी." तो थबकला. "एक ओवी तुमच्याजवळ नाही. त्या खोलीत रचलेली. दाराबाहेरून मी ऐकली होती. वहि... ह्यांना हवी असेल तर सांगतो."

"नको," वहिनी खिडकीकडे बघतच म्हणाली. "माझ्या नवऱ्याची ओळ तुझ्या तोंडून नको मला."

"बरं," तो म्हणाला, आणि ती गोष्ट तिथेच राहिली.

तो उठायला लागला तेव्हा ताईने मनात इतकी वर्षं सलत असलेला प्रश्न विचारला. "आमचं नाव तुम्हाला कुणी सांगितलं होतं?"

"कुणी म्हणजे?"

"काजवालीनेच ना?"

त्याला आठवायला वेळ लागला. "ती काजं-बटणं करणारी? आमचे गणवेश घेऊन बसायची ती? तिला शिपायाने एकदा तुमच्याविषयी विचारलं होतं. म्हणाली, तोंडाळ बाया आहेत, ह्यापलीकडे मला काही ठाऊक नाही. नाही हो. कुणीच नाही सांगितलं. मशीनने सांगितलं."

वहिनीने खिडकीवरून मान वळवली.

"माझी आई शिवणकाम करायची," तो म्हणाला. "खरी शिवण थांबत थांबत चालते. कड आली की थांबायचं, कापड फिरवायचं, दोरा तोडायचा, पुन्हा चालू. तुमच्या मशीन सुट्टीच्या दिवशी अखंड चालायच्या. सगळ्या एकदम सुरू, सगळ्या एकदम बंद. एवढी लांब चादर जगात कुठे असते? खिडकीखाली उभा राहिलो, नीट कान दिला, तर आत गाणं."

तो गेल्यावर वहिनी म्हणाली, "थापा आहेत. ती काजवालीही त्याचीच. दोघांचं संगनमत आहे. आधी हा येतो, मग हा तिला धुतल्या तांदळासारखी ठरवतो, मग तीही आत."

"वहिनी, असं उसवत गेलं तर कुठे थांबायचं? उद्या तू म्हणशील, वन्संच फितूर."

"तुम्ही?" वहिनी तशाही स्थितीत फिस्सकन हसली. "तुमच्या पोटात तर भाजी महाग झाल्याचं राहत नाही."

तरी ताईला राहवेना. तिने वहिनीला मशीनवर बसवलं आणि स्वतः गल्लीत उतरून खिडकीखाली उभी राहिली. "आधी चादर शिव," ती खालून ओरडली. वरून आवाज आला: घर्र, थांब. घर्र, घर्र, थांब. दोरा तुटल्याची इवलीशी शांतता. "आता गाण्याचं चालव!" आणि वरून एक सलग घरघर सुरू झाली, ओवीमागून ओवी जाईल इतकी लांब, कुठेही श्वास न घेणारी. बहिऱ्यालाही फरक कळला असता. आयुष्यभर मशीनशी संसार केलेल्या ह्या सगळ्या, आणि एकीलाही कधी खाली उभं राहून ऐकावंसं वाटलं नव्हतं.

कोपऱ्यावरचा चांभार खिळा तोंडात धरून तिच्याकडे बघत होता. "काय ताई, मशीन बिघडली?"

"मशीन नाही बिघडली, बाबा," ताई म्हणाली आणि वर न जाता तडक काजवालीकडे निघाली.

कारण काजवाली मंडळीत आली होती ती ताईचा हात धरून. "ही माझी," असं ताई सगळ्यांदेखत म्हणाली होती. छाप्याच्या आदल्या दिवशी काजवाली चौकीतून बाहेर पडताना कुणाला तरी दिसली. आणि छाप्याच्या दिवशी ती आलीच नाही. विचारलं तर म्हणाली, दात दुखत होता. ताई दातांच्या डॉक्टरकडे जाऊन चौकशी करून आली. तो म्हणाला, अशी कुणी बाई आलीच नव्हती. मग ताईने जिन्याच्या तोंडाशी उभं राहून काजवालीला सांगितलं, की तू माझी नाहीस. रिवाजात हात सोडायची सोय नव्हती. ती ताईनेच काढली, आणि दादा तुरुंगात म्हणून तिला कुणी काही म्हटलं नाही.

काजवाली शेजारच्याच वस्तीत राहायची. खिडकीशी बसून ती एका कोटाला काज घालत होती. ताईला दारात बघून तिने सुई थांबवली नाही.

"वाट चुकलीस?"

"नाही गं. तुझ्याकडेच आले."

ताईने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. फौजदार, बाप्तिस्मा, मशीन. काजवालीचा चेहरा आधी कोरा राहिला, मग तिला हसू फुटलं आणि हसता हसता डोळ्यांना पाणी आलं.

"शिवण थांबत थांबत चालते, हे फौजदाराला कळलं आणि तुम्हा शिंपिणींना नाही! अगं, हे तर कुणाला सांगायचीही सोय नाही."

"मला माफ कर."

काजवालीने कोट मांडीवर उलटा केला. "म्हणजे आता पुरावा आला. आता मी चांगली."

"तसं नव्हे..."

"तसंच. नसता आला पुरावा, तर आली असतीस?" तिने सुईत नवा दोरा ओवला. "तुम्ही संशय घेतलात, त्याचं मला काही नाही. तेव्हा सगळ्यांनाच सगळ्यांचा संशय यायचा. आरशात बघितलं तरी वाटायचं, ही कोण, हिचा काय भरवसा. पण तू माझा हात धरला होतास. आणि मी दात दुखतो म्हटलं, तर तू डॉक्टरला विचारायला गेलीस. मी डॉक्टरकडे गेलेच नव्हते, ताई. घरीच दाढेत लवंग धरून पडले होते."

ताई खाली बसली. तिला रडू आलं असतं तर बरं झालं असतं.

"माफ करीन," काजवाली म्हणाली. "आज लगेच नाही. पण करीन. बस, हे काज होऊ दे, मग चहा टाकते."

सुई चालत राहिली. कापडाच्या कडेला टाक्याशेजारी टाका, एकही सैल नाही. चहाचे कप हातात आल्यावर काजवालीने विचारलं, "त्याचं काय करणार आहेस?"

"तेच तर कळत नाही. तोच म्हणतो, माझी खात्री कशानेच होणार नाही. मग कशाच्या जोरावर धरू त्याचा हात?"

"माझी खात्री करायला गेली होतीस," काजवाली कपात फुंकर घालत म्हणाली, "तेव्हा केवढा जोर होता तुझ्याजवळ!"

हे ती टोमणा म्हणून बोलली की आणखी कशाने, ते ताईला कळलं नाही. पण घरी परत जाताना तिच्या लक्षात आलं, की आपण फौजदाराविषयी जो प्रश्न घेऊन फिरतोय, त्याचं उत्तर फौजदाराजवळ नाहीच. तो खरा आहे की खोटा, हे कळायचं तेव्हा कळेल. कदाचित फार उशिरा कळेल. आज तिच्या हातात होतं ते एवढंच, की हात धरायचा की नाही. आणि धरला, तर दाढेच्या पहिल्या कळेला तो सोडायचा नाही.

घरी वहिनी भांडी लावत होती. नेहमीपेक्षा अंमळ जोरात.

"ठरलं ना तुमचं?" ती पाठमोरीच म्हणाली.

"ठरलं."

"मी त्याच्याशी बोलणार नाही."

"नको बोलूस."

"शेजारी बसणार नाही."

"मी बसेन."

"आणि त्याने दगा दिला तर?"

"तर मी मंडळी सोडीन. रिवाजच आहे."

वहिनीने एक पातेलं पुसलं, पुन्हा पुसलं. "आणि मी काय तुमच्यावाचून तिथे गाणी म्हणत बसेन होय? मलाही सोडावी लागेल. तेवढ्यासाठी सांगते, नीट विचार करा. आपल्याला दुसरीकडे जायला कुठे जागा आहे?"

ताईने तिच्या हातातलं पातेलं काढून घेतलं. प्रेमाचं बोलायची ह्या घरात पद्धत नव्हती, पातेल्यावर भागवायचं.

सुट्टीच्या दुपारी मंडळी जमली. आजोबा उशिरा आले. ताईने सगळ्यांना सांगितलं, की फौजदार जिन्यात उभा आहे. काजवालीचंही सांगितलं, आपण हात सोडला होता तेही. एक-दोघांनी खिडकीकडे पाहिलं, जणू तिकडून उडी मारता येईल की काय ते बघत होते. वहिनीने आपलं स्टूल उचललं आणि खोलीच्या अगदी पलीकडच्या भिंतीशी नेऊन ठेवलं.

ताई जिन्याच्या तोंडाशी गेली. तो एक पायरी खालीच थांबला होता. स्वच्छ धुतलेला सदरा, ओल्या केसांचा भांग. मोठ्या दवाखान्यात तपासायला जाताना माणूस तयार होतो तसा तो झाला होता.

"अजून वेळ आहे," तो हळूच म्हणाला. "नाही म्हणालात तरी चालेल."

"गप्प बसा," ताई म्हणाली आणि तिने त्याचा हात धरला.

तिला वाटलं होतं, किळस येईल. निदान काहीतरी होईल. पण तो एक म्हातारा हात होता, लाकडाच्या कुसळांनी खरखरीत झालेला आणि घामाने ओला. त्याला तिने आत आणलं. सगळे बघत होते. शब्द दोनच. दादाचा खोकला त्यांच्या वाटेत उभा होता. ताईने त्या खोकल्याला जाऊ दिलं नाही, ढकललंही नाही. त्याला तिथेच राहू दिलं आणि त्याच्या बाजूने वाट काढली.

"हा माझा," ती म्हणाली.

मग मंडळी सरकली. बाकांचा, चपलांचा, लुगड्या-सदऱ्यांचा आवाज झाला आणि दाराकडच्या बाकावर दोन माणसांपुरती जागा निघाली. वहिनी हलली नाही. पण मशीनही डोक्यावर घेऊन गेली नाही.

आजोबा म्हणाले, "प्रार्थना करू या."

सगळ्यांच्या माना खाली गेल्या. ताई फौजदाराशेजारी बसली होती, खांद्याला खांदा लागेल इतकी जवळ. आजवर ह्या माणसाच्या समोर असताना तिने कधी पापणीसुद्धा लवू दिली नव्हती. तिने तिरपं बघितलं. त्याने डोळे गच्च मिटून घेतले होते, कडू औषध घेताना मिटतात तसे, आणि ओठ काहीतरी पुटपुटत होते. पलीकडे, भिंतीशी, एक डोकं तेवढं खाली गेलं नव्हतं. वहिनी टक्क उघड्या डोळ्यांनी त्याच्यावर पहारा देत होती. ताईची आणि तिची नजरानजर झाली, तेव्हा तिने हनुवटीनेच खूण केली: मिटा तुम्ही, मी बघते.

ताईने डोळे मिटले.